लाल दिव्याचा शेक

मानपूरला माळव्याचं पठार संपतं. इंदूरहून महूमार्गे आलेला आग्रा-मुंबई रस्ता इथून विंध्याचा घाट उतरून निमाडात जातो. पुढे गुजरी, धामनोद आणि तिथून फुटणारी महेश्वरची वाट. जवळच जानापावचा डोंगर आहे, चंबळ तिथे उगम पावते. पौष-माघात पठाराच्या या काठावर थंडी पडते तेव्हा ती आधी गुडघ्यांना कळते. दिवसभर उकिडवं बसून लसूण नाहीतर बटाटे काढणाऱ्या बाईची कंबर, घाट चढून आलेल्या ट्रकवाल्याची मान, म्हाताऱ्यांचे घोटे, दुखण्याला तोटा नाही. उपायही जुनेच. सकाळी ओट्यावर ऊन खात बसायचं आणि रात्री शेकायचं: तव्यावर तापवलेलं फडकं, कपड्यात गुंडाळलेली वीट, खड्या मिठाची पुरचुंडी, तेल लावून निखाऱ्यावर धरलेलं एरंडाचं पान. होळकरांच्या चाकरीला म्हणून आलेली आणि इंदुरातच रुजलेली मराठी घरं बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवत, ती याच विश्वासाने.

आज फिजिओथेरपीच्या बहुतेक दवाखान्यांत पडद्याआड, स्टँडवर वाकवलेला एक लाल दिवा असतो. पेशंट म्हणतात, ‘लाइट घेऊन आलो.’ पाटीवर मात्र ‘इन्फ्रारेड थेरपी’ असं भारदस्त नाव असतं आणि खाली दोन वचनं: वेदना कमी, रक्ताभिसरण जास्त. पहिलं वचन बऱ्यापैकी खरं आहे. दुसरं खरं आहे, पण लोक समजतात त्या अर्थाने नाही. आणि ज्यांना ते सर्वांत आकर्षक वाटतं, त्यांच्याच पायाला त्यापासून सर्वांत जास्त धोका आहे.

या दिव्यातून येणारे किरण सापडले १८०० साली. महेश्वरला अहिल्याबाई जाऊन पाच वर्षं झाली होती आणि माळव्यात शिंदे-होळकरांच्या फौजा एकमेकांवर धावून जात होत्या. तिकडे इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल सूर्याचं निरीक्षण करत होता. हा मूळचा जर्मन, हानोव्हरचा, पेशाने संगीतकार. हौसेने दुर्बिणी घासता घासता १७८१ मध्ये त्याने युरेनस शोधला आणि राजाश्रय मिळवला. सूर्याकडे पाहताना डोळा वाचावा म्हणून तो दुर्बिणीला रंगीत काचा लावी. त्याच्या लक्षात आलं, की काही काचांतून उजेड कमी येतो तरी डोळ्याला धग जास्त लागते, आणि काहींचं नेमकं उलट. म्हणजे वेगवेगळ्या रंगांत उष्णता सारखी वाटलेली नाही. त्याने लोलकातून उन्हाचा पट्टा टेबलावर पाडला आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. जांभळ्यात पारा २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात सव्वातीन, लालात जवळजवळ ७. मग त्याने थर्मामीटर लाल रंगाच्याही पलीकडे सरकवला. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण पारा त्याहूनही वर गेला.

उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा या न दिसणाऱ्या भागात असते. ओट्यावर ऊन खाणाऱ्या म्हाताऱ्याला हर्शेलची गरज नव्हती हे कबूल. पण त्याच्या पाठीला जे सुख लागतं त्यातला मोठा वाटा उजेडाचा नाही, हे कळायला तो थर्मामीटर लागला.

घरबसल्या हे किरण ‘बघायचे’ असतील तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण पडद्यावर बहुतेकदा रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकेल. करोनाच्या साथीत घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही याच जातीचा. त्याच्या चिमट्यात दिसतो तो लाल दिवा ६६० नॅनोमीटरचा, आणि त्याच्या शेजारी न दिसणारा दुसरा, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. दोन्ही किरण बोटातून आरपार जातात, आणि रक्तातला ऑक्सिजन किती यावर त्यांतला कोणता किती गिळला जातो ते ठरतं. हे किरण शरीरात शिरतात याचा इतका रोजचा पुरावा दुसरा नाही. मात्र सगळेच अवरक्त (इन्फ्रारेड) किरण असे शिरत नाहीत, आणि जाहिराती नेमकं हेच सांगत नाहीत.

अवरक्त पट्टा फार रुंद आहे. लाल रंग संपतो तिथून, म्हणजे साधारण ७६० नॅनोमीटरपासून १४०० पर्यंतचा पहिला भाग, ३००० पर्यंतचा दुसरा, आणि पुढे थेट १ मिलिमीटरपर्यंत लांबलेला तिसरा. पहिल्या भागातले किरण कातडीत काही मिलिमीटर आत जातात. लांब लहरींचे किरण पाण्याला फार प्रिय. कातडीत पाणी भरपूर, त्यामुळे ते वरच्या एक दशांश मिलिमीटरमध्येच गिळले जातात. रोहिणीच्या पहिल्या सरीने काळ्या मातीची फक्त वरची ढेकळं भिजावीत, तसं. ‘हाडापर्यंत पोहोचणारे फार इन्फ्रारेड किरण’ असं लिहिलेली चटई कुणी विकायला आणली तर हा आकडा आठवावा. तसे लांब लहरींचे किरण आपलं स्वतःचं शरीरही अहोरात्र फेकत असतंच. विमानतळांवर ताप तपासणारे कॅमेरे तेच टिपतात.

दवाखान्यातल्या दिव्याचे दोन प्रकार. एक, लाल काचेचा बल्ब, बहुधा २५० वॉटचा. आतली टंगस्टनची तार इतकी तापते, की तिच्या ऊर्जेचा मोठा वाटा अवरक्ताच्या पहिल्या भागात येतो. काच लाल असते ती डोळे दिपवणारा बाकीचा उजेड अडवण्यासाठी. त्या लालीत औषध नाही. दुसऱ्या प्रकारात बल्बच नसतो, चिनीमातीवर गुंडाळलेली किंवा आत पुरलेली तापणारी तार असते. ती जेमतेम लालसर होते, तापायला दहा-पंधरा मिनिटं घेते आणि मुख्यतः लांब लहरी देते. जुन्या फिजिओथेरपिस्ट मंडळींचा अनुभव असा, की ताज्या, कळा मारणाऱ्या दुखण्यावर हा दुसरा दिवा सौम्य लागतो.

फिजिओथेरपीची ही विद्या आपल्याकडे आली ती पोलिओच्या निमित्ताने. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, आणि १९५५ मध्ये हाजीअलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांनी व्यायामाबरोबर दिवेही गावोगावी नेले. लोकांनी व्यायाम मागे ठेवले आणि दिवा उचलला.

आता दिवा लागल्यावर आत काय होतं ते. कातडीत उष्णता ओळखणारे मज्जातंतूंचे शेवट असतात आणि त्यांच्यावर सूक्ष्म झडपा. यातली एक झडप १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांनी शोधली, तीही मिरचीच्या मागावर असताना. मिरचीतलं कॅप्सेसिन जी झडप उघडतं, तीच साधारण ४३ अंश सेल्सिअसला उष्णतेने उघडते. ठेचा खाल्ल्यावर जीभ ‘भाजते’ असं आपण म्हणतो, त्यात मज्जासंस्थेच्या दृष्टीने काहीच अतिशयोक्ती नाही. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्याहून कमी तापमानाला उघडणाऱ्या, नुसती ऊब सांगणाऱ्या झडपाही आहेत. शेक देताना आपल्याला ही ऊब हवी असते, भाजणं नको.

ऊब पोहोचली की वेदना का मागे हटते? १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक दार असतं आणि स्पर्शासारख्या इतर संवेदनांची गर्दी झाली की ते अर्धवट लोटलं जातं. त्यांच्या मूळ मांडणीत पुढे बरेच फेरफार झाले, गाभा टिकला. आपटलेलं कोपर आपण नकळत चोळतो ते याचमुळे. शिवाय ऊब लागली की आवळून बसलेला स्नायू सैल होतो, आणि अर्धा तास कुणी आपल्याला स्वस्थ पडू देतं, याचाही वाटा असतोच. शेतात राबणाऱ्या बाईच्या बाबतीत तो वाटा मी तरी लहान धरणार नाही.

कमरेच्या जुनाट दुखण्यावर टोरोंटोत २००६ साली एक छोटा प्रयोग झाला. ४० जणांपैकी काहींना अवरक्त किरण सोडणारा पट्टा दिला, उरलेल्यांना तसाच दिसणारा निकामी पट्टा. सात आठवड्यांत खऱ्या पट्ट्यावाल्यांची वेदना दहापैकी ६.९ वरून ३ वर आली, खोट्यावाल्यांची ७.४ वरून ६ वर. आकडे उत्साहवर्धक, माणसं मोजकी. त्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेने कमरेच्या शेकाबद्दलचे सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा निष्कर्ष निघाला तो असा: नव्या दुखण्यावर थोड्या काळापुरता, थोडा आराम. साध्या शेकाचाच हा हिशोब होता, आणि दिवा त्याहून वेगळं काही करतो असं मानायला मला फारसं कारण दिसत नाही. दिव्याची बाजू एवढीच, की तो कोरडा असतो, अंगाला टेकत नाही, आणि त्याचं मोजमाप ठेवता येतं.

रक्ताभिसरणाचं वचन मात्र नीट उकलून बघायला हवं. दिव्याखाली कातडी लाल होते, म्हणजे तिथे रक्त वाढलं हे उघडच दिसतं. उष्णता लागताच पहिल्या काही मिनिटांत मज्जातंतूंच्या इशाऱ्याने रक्तवाहिन्या रुंदावतात. मग वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड झिरपतं आणि ती रुंदी टिकवून धरतं. (हृदयविकारवाले जिभेखाली ठेवतात ती गोळीही शेवटी नायट्रिक ऑक्साइडच देते. या वायूच्या शोधाबद्दल तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं.) एरवी सगळ्या कातडीतून मिळून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं, अंग पुरतं तापलं तर ते सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. आकडा छाती दडपणारा आहे. पण हा पूर शरीर कशासाठी आणतं? उष्णता बाहेर टाकण्यासाठी. ते रक्त कातडी थंड ठेवायला आलेलं असतं, गुडघ्याची झिजलेली कूर्चा दुरुस्त करायला नाही. दिवा बंद झाला की लाली ओसरते आणि रक्त आपल्या जुन्या वाटेला लागतं.

ज्याची मुख्य धमनीच तुंबलेली आहे, त्याचं काय? तो चालायला लागला की पोटरीत गोळे येतात, थांबला की बरं वाटतं, पाय गार पडलेला असतो. बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत पायांच्या वाहिन्या बंद पाडणारा बर्जरचा आजार आपल्या देशात डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. पाय गार, म्हणून घरचे शेकायला धावतात, साहजिकच आहे. पण पेशी एक अंशाने तापल्या की त्यांची ऑक्सिजनची भूक साधारण दहा टक्क्यांनी वाढते. धमनी मोकळी असती तर रक्त वाढवून ती भूक भागली असती. इथे वरूनच पुरवठा बंद आहे. मागणी वाढवून ठेवली आणि माल आलाच नाही. अशा पायाला दिलेला शेक जखमेला आणि पुढे गँगरीनला वाट करून देतो. फिजिओथेरपीच्या पाठ्यपुस्तकांत म्हणूनच रक्तपुरवठा कमी असलेला भाग दिव्याला वर्ज्य सांगितला आहे. पाटीवरच्या ‘रक्ताभिसरण वाढवते’च्या खाली ही ओळ मी अजून कुठे वाचलेली नाही.

दुसरा धोका बधिर पायाचा. मानपूरहून इंदूरकडे निघालं की वाटेत महू लागतं. तिथल्या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. संविधानाचं काम चालू होतं त्या वर्षांत त्यांना मधुमेह होता, इन्सुलिन चालू होतं, आणि पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदनेने झोप उडालेली असे. मधुमेहाच्या माणसाच्या पायांतली ही वेदना विचित्र असते. पाय जळतात, मुंग्या येतात, पांघरूणसुद्धा सहन होत नाही, आणि त्याच पायाला चप्पल निसटल्याचं किंवा काटा रुतल्याचं कळत नाही. मज्जातंतू एकीकडे खोटी हाकाटी करतात, दुसरीकडे खऱ्या बातमीला गप्प बसतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे या वेदनेचा बाजार केवढा मोठा!

अमेरिकेत तो बाजार आधी उघडला. ८९० नॅनोमीटरचे अवरक्त किरण देणारे डायोड पॅडमध्ये बसवून ते पायाला बांधायचं यंत्र १९९४ मध्ये तिथल्या एफडीए या नियामक संस्थेने विक्रीला मोकळं केलं, ते रक्ताभिसरण वाढवणं आणि वेदना तात्पुरती कमी करणं, एवढ्यापुरतं. असा परवाना देताना आधीच्या यंत्रांशी साम्य पाहिलं जातं. मधुमेही पाय बरा होतो की नाही, याची ती परीक्षा नव्हे. यंत्र मात्र मधुमेही पायासाठी म्हणून धडाक्यात खपलं, आणि सुरुवातीच्या पाहण्यांत पेशंट खुशीत होते: संवेदना परत येतेय, झोप लागतेय. मग कुणीतरी खोटं यंत्र जोडून तुलना केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३९ जणांपैकी काहींच्या पॅडमध्ये किरण होते, काहींच्या नव्हते. दोन्ही गटांची संवेदना सुधारली आणि दोघांत फरक निघाला नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने मधुमेही न्यूरोपथीसाठी, म्हणजे मज्जातंतूंच्या या दुखण्यासाठी, अशा यंत्रांचे पैसे द्यायचं नाकारलं. २००८ मध्ये ६९ जणांवर ९० दिवस चाललेल्या, डॉक्टर-पेशंट दोघांपासूनही गुपित राखलेल्या प्रयोगाचाही निकाल तोच आला.

यातली खरी मौज खोट्या पॅडवाल्यांच्या सुधारण्यात आहे. ते लबाड नव्हते. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी कुणीतरी आपुलकीने आपले पाय हातात घेतं, तपासतं, तेव्हा माणूस पायांकडे लक्ष द्यायला लागतो. आणि दुखणं कमीजास्त होतच असतं, तपासायला माणूस येतो तेव्हा ते बहुधा जास्त असतं.

बधिर पायाची भीती काय असते हे वरोऱ्याजवळ १९४९ पासून कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कुष्ठरोगात बोटं झडतात ती बरीचशी न जाणवलेल्या जखमांनी आणि चटक्यांनी. मधुमेही पायाचं गणित तेच. दिव्याखालच्या माणसाचा सगळा बचाव ‘भाजतंय हो’ या त्याच्या एका वाक्यावर उभा असतो. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकराच्या कातडीवर मोजून दाखवलं होतं, की ४४ अंशाला कातडी जळायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशाला काही सेकंद पुरतात. मधल्या अंशांना मिनिटं. ज्याला कळतं तो पाय बाजूला घेतो. ज्याला कळत नाही त्याचा पाय दिवा लावणाऱ्याच्या भरवशावर. म्हणून नियम असा आहे, की दिव्याआधी दोन परीक्षानळ्या घ्यायच्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. पेशंटने डोळे मिटायचे आणि त्या भागाला लागतेय ती नळी कोणती ते सांगायचं. चुकला तर दिवा नाही. ही चाचणी मिनिटभराची आहे आणि घाईच्या ओपीडीत सर्वांत आधी तिलाच कात्री लागते.

आता थंड प्रकाशाकडे, म्हणजे ऊब न देणाऱ्या कमी शक्तीच्या लेसरकडे वळू, कारण हल्ली इन्फ्रारेडच्याच नावाखाली तोही विकला जातो. इंदूरच्या सुखनिवास महालाच्या परिसरात १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. २००५ पासून त्याचं नाव राजा रामण्णा केंद्र. गावात अजून जुन्या इंग्रजी नावावरून ‘कॅट’च म्हणतात. इंडस हे सिंक्रोट्रॉन तिथे आहेत आणि देशातलं लेसरचं मोठं काम तिथे चालतं: शस्त्रक्रियेचे कार्बन डायऑक्साइड लेसर, तोंडाच्या कर्करोगाची खूण प्रकाशाने ओळखणारी यंत्रं. मानपूरच्या माणसाला याची खबर नसली तर नवल नाही, पण प्रकाश आणि पेशी यांचं नातं तपासणारी माणसं त्याच्यापासून तासा-दीड तासाच्या रस्त्यावर बसलेली आहेत.

थंड प्रकाशाची गोष्ट सुरू होते बुडापेस्टमध्ये, १९६७ साली. एन्द्रे मेस्टर उंदरांची पाठ भादरून तिच्यावर रुबी लेसर टाकत होते. त्याने कर्करोगाच्या गाठी बऱ्या होतात की उलट होतात, हे बघायचं होतं. लेसर क्षीण होता, गाठींचं काही झालं नाही, पण प्रकाश पडलेल्या उंदरांच्या पाठीवर केस लवकर उगवले. पुढे रशियात टीना कारू यांनी मांडलं, की लाल आणि जवळचा अवरक्त प्रकाश पेशीतल्या मायटोकाँड्रियामधलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे प्रथिन शोषतं आणि पेशीचा ऊर्जेचा कारखाना वेग घेतो. इथे ऊब लागत नाही, लागूही नये. मात्रा अगदी थोडी आणि तिचा स्वभाव तऱ्हेवाईक: कमी पडली तर परिणाम नाही, जास्त झाली तरी नाही.

पुरावा? २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात मानेच्या दुखण्यावर अशा लेसरचा आराम दिसला, जुनाट दुखण्यात २२ आठवड्यांपर्यंत. गुडघ्याबद्दल २०१९ चा एक आढावा म्हणतो, योग्य मात्रा दिली तर उपयोग होतो. तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी लेसर देऊ नका, पुरावा पुरेसा नाही, असं सांगून टाकलं. दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत. मात्रा इतकी नाजूक असताना वेगवेगळ्या यंत्रांचे प्रयोग एका टोपलीत टाकले की असंच होणार.

जिथे वाद फारसा उरलेला नाही ती जागा आहे तोंड. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर रेडिएशन देताना आतली कातडी सोलून निघते, घोटभर पाणी जात नाही, उपचार अर्धवट सोडावा लागतो. उपचारांबरोबरच कमी शक्तीचा लेसर दिला तर ही सोलवट कमी होते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आता त्याची शिफारस आहे, आणि त्यातला एक भक्कम प्रयोग २०१२ मध्ये मंगळूरहून आला. गुटख्याच्या पुड्या टपरीटपरीवर लटकणाऱ्या आपल्या मुलखात गुडघ्यासाठी दिवे शोधणाऱ्यांपेक्षा या पेशंटांना हा प्रकाश मिळणं मला जास्त निकडीचं वाटतं.

रक्ताभिसरणाच्या नावाने मला पटलेला एक दाखला तैवानचा आहे. डायलिसिसच्या पेशंटच्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. तो तुंबला की सगळंच अडतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४५ जणांपैकी निम्म्यांच्या फिस्टुलावर वर्षभर, प्रत्येक डायलिसिसच्या वेळी ४० मिनिटं लांब लहरींचे अवरक्त किरण दिले. त्यांच्या फिस्टुलातला प्रवाह वाढला आणि ते जास्त काळ खुले राहिले. कातडीलगतची एकच वाहिनी, ठरलेली जागा, ठरलेला वेळ. ‘संपूर्ण शरीराचं रक्त शुद्ध करणाऱ्या’ चटईत यातलं काही नसतं.

त्या चटया, पट्टे आणि हिरव्या दगडांचे गरम पलंग तालुक्याच्या गावांत येतात ते बहुधा भाड्याच्या गाळ्यात. महिनाभर मोफत शेक, सकाळी रांगा, शेजारणींच्या गप्पा, मग हळूहळू अनुभवकथन आणि शेवटी हप्त्यांचा कागद. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. मोफत रांगेतल्या आजीला हे कोण सांगणार? तिथे तिला बरं वाटतं हेही खोटं नाही. ऊब आहे, सोबत आहे.

घरी दिवा घेतलाच असेल, पायाला गरम-गार नीट कळत असेल आणि धमन्या डॉक्टरांनी तपासलेल्या असतील, तर तो ४५ ते ६० सेंटिमीटरवर, कातडीला सरळ समोर येईल असा ठेवावा. अंतर निम्मं केलं की ढोबळमानाने धग चौपट होते, आणि ‘जरा जवळ घे गं’ म्हणणारे नेमकं तेच करतात. दिवा अंगाच्या थेट वर टांगू नये, बल्ब फुटतात. बाम, तेल पुसून टाकावं. तोंडाजवळ शेक असेल तर डोळे झाकावेत. भट्टीसमोर वर्षानुवर्षं बसणाऱ्या काच-कारागिरांना मोतीबिंदू होई, तो याच किरणांनी. ताज्या मुरगळीवर, सुजेवर, रक्त साकळलेल्या पोटरीवर दिवा नको. वीस मिनिटं पुरे, आणि झोप येत असेल तर आधी गजर लावावा. रोज त्याच जागी शेकत राहिलं तर कातडीवर जाळीदार तपकिरी नक्षी उमटते; शेगडीशी बसणाऱ्या बायकांच्या पायांवर ती पूर्वी सर्रास दिसे, आता मांडीवर लॅपटॉप घेणाऱ्यांच्या दिसते. दिवा बंद केला की कातडीची लाली हळूहळू उतरते, स्नायूचं सैलपणही फार वेळ टिकत नाही. फिजिओथेरपिस्टने लिहून दिलेले गुडघ्याचे आणि कमरेचे व्यायाम त्याच वेळात करायचे असतात. दिवा दिलेला असतो तो ते व्यायाम कमी दुखत व्हावेत म्हणून.